टपालाने परत येणारा रेडिओ : उत्तर सातारा, १९५६

पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेलं गीतरामायण १९५६ च्या रामनवमीला संपलं. छप्पन्न गीतं, आठवड्याला एक. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर आळी जमायची, हे आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. त्याच पुणे केंद्राने त्याच १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणखी एक मालिका हवेत सोडली होती. तिच्यात ना सूर होते ना कथा. शेती, जनावरं, गावचं आरोग्य, शाळा असे रोजच्या जगण्यातले विषय होते. गीतरामायण घराघरांत राहिलं. दुसऱ्या मालिकेचं नाव, ‘रेडिओ फार्म फोरम’, मात्र संवादशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत राहिलं आणि ती जिथे घडली तिथून पुसलं गेलं. साताऱ्यातल्या कुणालाही विचारून पाहा, बहुतेकांनी ते ऐकलेलंही नसेल.

विद्यार्थ्यांना प्रसारणाचा इतिहास सांगताना मी या प्रकरणापाशी दरवेळी जास्त रेंगाळतो. केंद्र कधी निघालं, क्षेपक (ट्रान्समीटर) किती ताकदीचा, रंगीत चित्र कधी आलं, हे सगळं सांगून होतं. पण ऐकणाऱ्याने परत काय सांगितलं आणि ते कुणी वाचलं का, हा प्रश्न या एका प्रकरणात जितका उघडा पडतो तितका दुसऱ्या कुठल्या प्रकरणात पडत नाही.

परिस्थिती

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला अवघी सहा रेडिओ केंद्रं आली. मुंबईचं केंद्र १९२७ पासूनचं. पुण्याचं २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. सांगलीला केंद्र यायला अजून दहा वर्षं होती. सांगली जिल्हा हे नावही तेव्हा नव्हतं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० मध्ये.

उत्तर साताऱ्याच्या बहुतेक गावांत वीज पोचलेली नव्हती. कोयनेच्या धरणाचं काम नुकतंच कुठे सुरू झालं होतं आणि तिची वीज पहिल्यांदा खेळली ती १९६२ मध्ये. त्यामुळे गावातला रेडिओ म्हणजे वाल्व्हचा, बॅटरीवर चालणारा सेट. तो जड असायचा, बॅटरीही जड, आणि ती उतरली की तालुक्याहून दुसरी येईपर्यंत सेट मुका. घरटी रेडिओ ही कल्पनाच नव्हती. असला तर एखाद्या बड्या घरी, नाहीतर ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा सार्वजनिक सेट. शिवाय रेडिओ ठेवायचा तर लायसन लागे आणि ते पोस्टातून काढावं लागे. आमच्या घरच्या ट्रंकेत लायसनचं तसलं एक पुस्तक आहे, वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेलं. रेडिओ आणि पोस्ट यांचं नातं त्या पिढीला असं हातात धरता येत होतं. या प्रकरणात पोस्ट पुन्हा येणार आहे.

आणि रेडिओ बोलायचा तो एकाच दिशेने. त्याच वर्षी १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई शहर केंद्र सरकारच्या ताब्यात राहील. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, माणसं मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या जानेवारीत मराठी माणसाने रेडिओचा हा अनुभव घेतला होता : तिकडून निर्णय येतो, इकडून उत्तर जायला वाट नसते. महिन्याभराने त्याच रेडिओने गावकऱ्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा. या दोन गोष्टींचा परस्परांशी सरकारी पातळीवर काही संबंध नव्हता. तरी एकाच मोसमात त्या घडल्या हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रयोग

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं भरत होती. आठवड्याच्या ठरल्या संध्याकाळी शेजारीपाजारी एका घरी जमायचे, कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपलं मत लिहून पाठवायचे. त्यांचं ब्रीद चार शब्दांचं होतं : वाचा, ऐका, चर्चा करा, कामाला लागा. युनेस्कोच्या मदतीने हे भारतात करून पाहायचं ठरलं तेव्हा पहिला शब्द गळला. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. वाचा म्हणून कुणाला सांगणार? उरले तीन शब्द. ऐका, चर्चा करा, कामाला लागा.

आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते, स्वतः हिंदीतले नामवंत नाटककार. मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले गेले : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. गावं सुमारे दीडशे. कार्यक्रम वीस, आठवड्याला दोन, प्रत्येकी अर्ध्या तासाचा, दहा आठवडे. गावागावात बारा ते वीस जणांचं मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. सेट चालू ठेवणं, माणसं गोळा करणं, चर्चा भरकटू न देणं आणि शेवटी झालेलं बोलणं लिहून काढणं, हे सगळं निमंत्रकाच्या अंगावर. लिहिता येणारा आणि गावाने ऐकावा असा माणूस हवा म्हटल्यावर शाळामास्तरांकडे बोट जाणं साहजिक होतं.

हे काम करणाऱ्या पुणे केंद्राला गाव परकं नव्हतं. माणदेशातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून तिथे ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात होते. गावाशी गावाच्या भाषेत बोलायचं म्हणजे काय, हे त्या केंद्रात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

एका संध्याकाळचा क्रम असा. दिवेलागणीच्या सुमाराला मंडळी जमतात. सेट लावतात, वाल्व्ह तापेपर्यंत थोडं थांबावं लागतं. अर्धा तास ऐकायचं. मग सेट बंद. हा ‘सेट बंद’ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाजूला गाणं चालू राहिलं असतं तर चर्चा झालीच नसती. मग अर्धा तास, कधी त्याहून जास्त, बोलणं. कुणी म्हणायचं, हे आपल्याकडे चालायचं नाही. कुणी विचारायचं, का नाही चालणार? निमंत्रक टिपून घ्यायचा. ज्याचं उत्तर गावात सापडलं नाही तो प्रश्न अहवालात लिहून टपालाने जायचा, आणि पुढच्या कार्यक्रमांमध्ये अशा प्रश्नांना उत्तरं मिळायची.

त्यातलं यंत्र

माझ्या मते या प्रयोगाचा गाभा समजायला साताऱ्याइतका सोयीचा जिल्हा नाही. त्याचं कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून जिल्ह्याच्या पूर्व टोकाला म्हसवडकडे गेलं की तो पाचशेच्या आसपास येतो. जावळी-पाटणात भात आणि नाचणी, कृष्णाकाठी वाई-कऱ्हाडला ऊस आणि हळद, माण-खटावात ज्वारी, बाजरी आणि मेंढरं. हा एकच जिल्हा. आणि पुण्याहून जो कार्यक्रम सुटायचा तो नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना एकच!

एकाच अर्ध्या तासात जावळीच्या भातवाल्याला आणि माणच्या बाजरीवाल्याला उपयोगी पडेल असं सांगणं कुठल्याही लेखकाच्या आवाक्यातलं नाही. ते काम मंडळाने केलं. रेडिओने सांगितलं ते आपल्या मातीत कसं बसवायचं, काय घ्यायचं, काय सोडायचं, हे पुढच्या अर्ध्या तासात गाव स्वतः ठरवायचं. प्रसारण सगळ्यांना सारखं होतं. त्याचा अर्थ प्रत्येक गावाने वेगळा लावला. नुसता सेट असलेल्या गावात ही जोडणी करणारं कुणी नसायचं. ऐकलं, कानाला बरं वाटलं, आणि पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. चार माणसांत ‘मी खताचा खड्डा घेतो’ असं एकदा तोंडातून निघालं की ते परत घेता येत नाही. दुसऱ्या बैठकीला कुणीतरी विचारणारच. घरी एकट्याने ऐकणाऱ्याला असं विचारणारं कुणी नसतं.

तिसरं ते टपाल. आपण लिहिलेलं पुण्यात कुणीतरी वाचतं आणि त्याचं उत्तर देतं, हे कळल्यावर ऐकणं बदलतं. रेडिओ ऐकणारा माणूस प्रश्न शोधत ऐकू लागतो.

मोजमाप

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. त्याची धुरा होती पॉल न्यूराथ यांच्याकडे. हे मूळचे व्हिएन्नाचे. १९३८-३९ मध्ये दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांत त्यांनी दिवस काढले, सुटल्यावर अमेरिका गाठली, समाजशास्त्रात डॉक्टरेट केली. ज्या राजवटीने स्वस्त रेडिओ घरोघरी पोचवून एकच आवाज सगळ्या देशाच्या कानात ओतला तिचा मार खाल्लेला हा माणूस. तो उत्तर साताऱ्याच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या गावांत येऊन, रेडिओ बंद केल्यावर लोक काय बोलतात ते मोजत होता. हा धागा मी जोडतो आहे, त्यांनी जोडलेला नाही. पण तो मला सोडवत नाही.

तुलना तीन प्रकारच्या गावांची होती : मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. मालिकेच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना त्या विषयांवर प्रश्न विचारले गेले. मंडळांच्या गावांत लोकांचं ज्ञान डोळ्यांत भरेल इतकं वाढलं होतं. बाकीच्या गावांत वाढ नगण्य होती, आणि जी थोडी दिसली ती बहुतेक रेडिओ असलेल्या गावांत. म्हणजे नुसता रेडिओ देऊन फारसं काही झालं नाही. फरक पडला तो मंडळाने.

पण न्यूराथांना त्याहून मोठी वाटलेली गोष्ट निराळी होती. ही मंडळं बघता बघता निर्णय घेऊ लागली होती. ग्रामपंचायत आणि गावसभा यांच्या मधलं काहीतरी त्यांच्यातून आकार घेत होतं, आणि गावाचं सामायिक काम ती पंचायतीपेक्षा लवकर हलवत होती. विहिरी खोदणं, जातिवंत वळू आणणं, लेगहॉर्न कोंबड्या पाळणं, खरेदी-विक्रीचा संघ काढणं, बालवाडी सुरू करणं असे उद्योग पाच जिल्ह्यांतल्या मंडळांनी केले. प्रयोग संपताना मंडळं कायम ठेवा, अशी मागणी जवळपास एकमुखाने आली.

बालवाडीचं विशेष वाटतं. शेतीच्या मालिकेतून बालवाडी निघावी हे कुठल्याही आराखड्यात कुणी लिहून ठेवलं नसेल. माणसं एकत्र बसली की आपल्याला खरोखर काय नडतंय त्यावरच शेवटी येतात.

जे निसटलं

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच आस्थेने सांगायला हवी.

मंडळं पुरुषांची होती. बायका जवळजवळ नव्हत्याच. ज्या गावांत पेरणीपासून खुरपणीपर्यंत आणि धारेपासून शेणापर्यंतची निम्म्याहून अधिक कामं बाई करते तिथे शेतीची चर्चा तिच्याशिवाय झाली. दिवेलागण म्हणजे तिची चुलीची वेळ, हे वेळ ठरवणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नसावं. ज्ञान मोजताना तिचं ज्ञान मोजलंच गेलं नाही.

मग मोसम. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे आमच्याकडे सुगी, खळी आणि पुढे चैत्रातल्या जत्रा. एकीकडे माणसं मोकळी, हात थोडे सैल. बैठकांना ते बरंच. पण दहा आठवड्यांत एकही खरीप आला नाही. शेतकऱ्याने ऐकलेलं रानात करून पाहिलं का, केलं तर टिकलं का, हे दहा आठवड्यांत कळणं शक्यच नव्हतं. मोजलं गेलं ते डोक्यात काय आलं. पोत्यात काय आलं ते मोजायला वेळ नव्हता.

आणि नव्याचे नऊ दिवस. मुंबई-पुण्याची माणसं गावात येऊन वही उघडून विचारताहेत, आपल्या गावाची दखल घेताहेत, याने कुठलंही गाव दहा आठवडे हुरूपाने उभं राहील. मूल्यमापनाचे निष्कर्ष मी खोटे मानत नाही. पण खरी परीक्षा तेव्हा सुरू होणार होती जेव्हा पाहणारं कुणी उरणार नव्हतं.

ती लवकरच सुरू झाली. १९५९ मध्ये हाच नमुना देशभर नेला गेला आणि काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांत गेली. दीडशे गावांत जिल्हा संघटक प्रत्येक निमंत्रकाला ओळखू शकत होता. हजारोंच्या पसाऱ्यात निमंत्रकपद हे ग्रामसेवकाच्या किंवा मास्तरांच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं झालं. बॅटऱ्या उतरलेल्या राहिल्या. सेट दुरुस्तीला गेले ते गेलेच. अहवाल रकाने भरण्यापुरते उरले, आणि हजारोंनी येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देणं कुठल्याही केंद्राच्या आवाक्याबाहेर गेलं. कित्येक मंडळं कागदावर जिवंत राहिली. पैसा, बॅटरी, माणसं ही कारणं खरीच. पण माझ्या मते पहिला घाव परतीच्या वाटेवर पडला. उत्तर येत नाही हे कळल्यावर कोण लिहील? आणि लिहायचंच नसेल तर अंधार पडल्यावर शाळेत जमायचं कशाला, घरी पडल्या पडल्या ऐकता येतंच की.

साठीच्या दशकात ते खरोखरच शक्य झालं. ट्रान्झिस्टर आला. तो स्वस्त होता, हलका होता, खिशातल्या सेलवर चालायचा. ऊस तोडताना बांधावर, मेंढरांमागे काठीला अडकवलेला, मोटेवर. ६ ऑक्टोबर १९६३ ला सांगली केंद्र सुरू झालं आणि आवाजाला आमच्या भागाचं पाणी लागलं. १९६६ पासून आकाशवाणीने शेती आणि गृह विभाग उघडायला घेतले. तंजावरकडे एडीटी २७ या भाताचा प्रसार रेडिओवरून इतका झाला की लोक त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले. म्हणजे रेडिओचा जोर ओसरला नव्हता, उलट वाढला होता. ट्रान्झिस्टरने दिलेलं स्वातंत्र्य मला प्यारं आहे. गड्याच्या, गुराख्याच्या हातात रेडिओ त्यानेच दिला आणि सेटवरची बड्या घराची मालकी मोडली. पण एकाच सेटभोवती जमण्याची गरजही त्यानेच संपवली.

दूरदर्शनबद्दल थोडक्यात. १९७५-७६ चा उपग्रहावरून गावांना शिकवण्याचा मोठा प्रयोग सहा राज्यांत झाला; महाराष्ट्र त्यात नव्हता. आमच्या बाजूला टीव्ही रुजला तो ऐंशीच्या दशकात, कमी शक्तीच्या क्षेपकांची साखळी देशभर उभी राहिली तेव्हा. १९८७ च्या रविवारी सकाळी रामायणासाठी एका घरात पुन्हा चाळीस माणसं जमली, ओसरी भरली, दारात चपलांचा ढीग लागला. कार्यक्रम संपला की आपापल्या चपला शोधून माणसं घरी गेली.

परतीची वाट पुन्हा

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी, २००६ च्या धोरणाने, स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळावाणी उभी राहिली. आणि सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४ मेगाहर्ट्झ. ती चालवते बायकांसाठी काम करणारी संस्था.

१९५६ च्या उत्तर साताऱ्यातल्या मंडळात जिला जागा नव्हती तिचा आवाज त्याच जिल्ह्यातून प्रसारित होतो, हे मी प्रथम ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अहवाल लिहून पाठवणारा निमंत्रक आता मध्ये लागत नाही. फोन हातात असतो. पण मला खरा फरक वाटतो तो क्षेपकाच्या ताकदीत. पुण्याच्या लहरींना नाशिक ते कोल्हापूर एवढा मुलूख सांभाळायचा होता आणि जावळीचा भात नि माणची बाजरी यांतलं अंतर गावाला स्वतः कापावं लागत होतं. सामुदायिक रेडिओला नियमाने मिळते ती शंभर वॉटची प्रभावी शक्ती, आणि तेवढ्यात आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. म्हसवडच्या मनोऱ्यापासून तेवढं अंतर कुठल्याही दिशेला गेलं तरी आभाळ तेच असतं, आणि पाऊस सगळीकडे सारखाच कमी.